रात्रीचं तापमान

जुलैची अठरा तारीख. ला ग्रेंजमध्ये
डांबराला चपला चिकटतायत
आणि कुबेना म्हणतो, टोमॅटो लाव. आत्ताच.
मी हसतो. तो हसत नाही.
त्र्याऐंशी वर्षांचा चेक शेतकरी,
टोपी काढून कपाळावरचा गोरा पट्टा पुसतो :
नोव्हेंबरात खायचे असतील
तर टेक्ससात जुलैत वाकावं लागतं.

वसंतातली झाडं उभी आहेत, म्हणजे
काठीला बांधलीत म्हणून उभी.
खालून वाळत वर चाललेली,
पानांवर लाल कोळ्यांची बारीक जाळी,
शेंड्याला मात्र अजून हिरवा हट्ट.
तो शेंडा खुडायचा, वीतभर,
आणि पाण्याच्या बरणीत ठेवायचा.
बरणीवर निलांबरीच्या अक्षरात चिठ्ठी : कैरी, २०१९.
लोणचं केव्हाच संपलं. चिठ्ठी निघत नाही.

मे महिन्यात माझी नोकरी गेली.
कुबेनाला मी सांगितलं नव्हतं.
पण मंगळवारी सकाळी दहा वाजता
जो माणूस बरणीतली मुळं बघत उभा असतो
त्याच्याबद्दल शेजाऱ्याला
वेगळं काय सांगायचं उरतं?

रोप आडवं निजवलं, मानेपर्यंत माती.
वर वाळलेलं गवत जाडजूड.
पश्चिमेच्या उन्हाला आडवा
कंपनीच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा बॅनर ताणला.
'आपण एक कुटुंब'. अक्षरं आतल्या बाजूला,
झाडांनाच वाचता येतील अशी.

ऑगस्ट. कमरेएवढी झाडं. फुलं आली,
पिवळी, खाली मान घातलेली.
आणि गळाली.
देठाला एक सांधा असतो, गुडघ्यासारखा,
तो आधी पिवळा पडतो,
मग बोट लावायच्या आत फूल मातीत.
झाड दिवसाचं ऊन सोसतं, कुंपणापलीकडून कुबेना,
रात्र सोसत नाही.
रात्र पंच्याहत्तरच्या खाली उतरली पाहिजे.
म्हणजे आपले चोवीस.

मग मी रात्री मोजू लागलो.
तसाही जागाच असायचो.
तीन वाजता मोबाइलचा उजेड थर्मामीटरवर :
ऐंशी. एकोणऐंशी. पुन्हा ऐंशी.
नोंदी अर्जांच्याच वहीत, मागच्या पानापासून.
पुढून : कुठे अर्ज केला, कुणाचं उत्तर नाही.
दोन्ही याद्या
एकमेकींकडे सरकत होत्या.

एका पहाटे दारात निलांबरी, हातात बॅट.
चोर वाटला, म्हणाली.
मग बॅट भिंतीला टेकवून पायरीवर बसली.
किती?
अठ्ठ्याहत्तर.
काल?
एकोणऐंशी.
उतरतंय की, म्हणाली,
आणि जांभई देत तिथेच बसून राहिली.

एकवीस सप्टेंबर. बहात्तर.
उत्तरेचा वारा, पातळ, ताकासारखा.
मधमाशीच्या भरवशावर राहू नकोस, कुबेनाचा हुकूम,
फुलं हलव.
मी निलांबरीचा बॅटरीचा टूथब्रश आणला,
एकेका घोसाच्या देठाला टेकवला.
भुर्र.
बोटावर पिवळी भुकटी, इतकीशी
की श्वास सोडला तर उडेल.
संध्याकाळी ती एवढंच म्हणाली,
नवा ब्रश घेऊन ये. मऊ ब्रिसल्सचा.

ऑक्टोबरात सांधे हिरवेच राहिले.
पहिलं फळ वाटाण्याएवढं, मग बोराएवढं,
मग मी तुलना सोडून दिल्या.

नोव्हेंबरची सतरा. रात्री हिमाचा इशारा.
विजेरीच्या उजेडात आम्ही सगळं उतरवलं :
लाल अकरा, हिरवे दोन बादल्या.
हिरव्यांची चटणी, दाण्याचं कूट घालून, ती म्हणाली.
कुबेना म्हणाला, छे, व्हिनेगर.
त्याला लालातला मोठा दिला.
त्याने देठाशी नाक नेलं,
खिशातून मिठाची पुडी काढली, उभ्याउभ्याच खाल्ला,
हनुवटी बाहीला पुसली.
मग बॅनरकडे बघितलं. बराच वेळ.
कापड चांगलं आहे, म्हणाला. टिकेल.

तीन वाजता जाग आलीच.
थर्मामीटर बघितला नाही.
ओट्यावर बरणी होती, तिच्यात एक शेंडा,
कुणी ठेवला ते विचारलं नाही.