डावी भुवई

डॉक्टर हाकोनेन म्हणाले, खूण दिसणार नाही.
भुवईच्या केसांतच चीर, तीन-साडेतीन सेंटीमीटर,
हाडाला एक लहानशी खिडकी,
तिथून आत जायचं, गाठ काढायची, मागे फिरायचं.
डोकं भादरायचं नाही. दोन-तीन महिन्यांत
आरशालाही पत्ता लागणार नाही.

हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलत होते.
मी ते हातांनी आईला सांगत होते
आणि आई माझ्या हातांवरची नजर काढून
मधूनच त्यांचा चेहरा वाचत होती.
पासष्ट वर्षांची सवय:
ऐकू येणाऱ्यांचं तोंड एक बोलतं, गाल भलतंच.

गाठ केवढी? अक्रोडाएवढी.
आईने दुरुस्ती केली: हिल्लाएवढी म्हणा.
दलदलीतलं पिवळं, दाणेदार फळ,
ऑगस्टात आम्ही बादल्या घेऊन जातो ते.
आपल्या डोक्यात काय वाढतंय
ते निदान आपल्याकडचं तरी असावं.

वास तर हिवाळ्यातच गेला होता.
राईची लापशी करपून कोळसा झाली
आणि ही शेजारी बसून मोजे विणत होती,
छताचा लाल दिवा उघडझाप करेपर्यंत.

काही विचारायचंय? डॉक्टरांनी मला विचारलं.
आई म्हणाली, खुणेचं राहू द्या.
भुवई उचलेल का?

ते हसले. थोडी जड राहील काही आठवडे,
बहुतेकांची येते परत. दिसायला फारसं
जाणवतही नाही.

मग मला मधे पडावं लागलं, दुभाष्याने पडू नये तसं.
म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरात प्रश्न तिथे राहतो.
'जेवलीस' हे हातांत एकच आहे.
भुवया वर गेल्या तर ती विचारते,
नाही गेल्या तर सांगते.
तुम्ही तिचं रूप राखाल हो,
पण तिला विचारता आलं पाहिजे.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
मग पहिल्यांदाच खुर्ची आईकडे वळवली,
स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं:
बाहेरच्या कडेने इथे एक नस येते,
दोऱ्याहून बारीक. मी अलीकडेच थांबेन.
चालेल?
आणि हे विचारताना, त्यांच्याही नकळत,
त्यांच्या दोन्ही भुवया वर गेल्या.
आईने मान डोलावली. माझे हात मांडीवरच होते.

*

तिसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद,
पापणी काळी-जांभळी, भुवई चिखलात रुतलेली.
बाबा फुलं घेऊन आले.
आईने विचारलं, दमलास?
बाबांना दिसलं: दमलास.
ते चिडले. वेइक्को लेप्पानेन ओउलू बंदरात
एकतीस वर्षं क्रेनवर होता, तो
दोन जिन्यांनी दमत नसतो.

टाके निघाले. शेजारीण म्हणाली,
काही झालं होतं असं वाटतच नाही.
आई तिच्याकडे बघत राहिली, सपाट.

रोज सकाळी न्हाणीघरात
ती बोटाने भुवई वर धरायची,
सोडायची. धरायची. सोडायची.
मी दाराबाहेर दात घासत उभी.
या दिवसांत तिने विचारणं कमी केलं.
लोकांना वाटलं, किती शांत झाली आहे.

एप्रिलच्या शेवटी, रविवारी,
मी खिडकीशी, नदीतला बर्फ फुटताना बघत होते.
तिने पाय आपटला. फरशी हलली, मी वळले.
तिचे हात म्हणाले: काहीतरी जळतंय
आणि उजवी भुवई वर गेली,
आणि क्षणभर मागे राहून,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी
संकोचत, डावीही.

मी बघतच राहिले.
तिने पुन्हा विचारलं.

जळत होतं.