आवची नडगी

पन्नास वर्षं वडलांनी हाडं बसवली.
सगळ्या खोऱ्याची.
घोड्यावरून पडलेली पोरं, बर्फावर घसरलेल्या म्हाताऱ्या,
एकदा तर उंटाचं पिल्लू.
तोंडात घोटभर दारू घ्यायची, दुखऱ्या जागेवर फवारायची,
मग डोळे मिटून बोटांनी ऐकायचं.
हो, ऐकायचंच. ते असंच म्हणतात.

मे महिन्यात करड्या घोडीचा पाय मार्मोटच्या बिळात गेला.
घोडी उठली.
आव उठले नाहीत.

मी त्यांची मुलगी, त्सेत्सेरलेगच्या दवाखान्यात हाडांची डॉक्टर.
दोघांचा धंदा एकच, बोलणं मात्र बेताचं.
एक्स-रे खिडकीशी धरला. नडगी तिरकी तुटलेली,
दोन्ही टोकं रुसलेल्या जावांसारखी
एकमेकींना चुकवून उभी.

म्हटलं, प्लास्टर घालता येईल, पण आतल्या आत सरकेल.
नाहीतर हाडाच्या पोकळीत सळई, वर-खाली स्क्रू.
नाहीतर बाहेरून कड्या आणि तारा...
"पिंजरा," ते म्हणाले. "मी काय पक्षी आहे?"
आणि स्वतःचाच हात स्वतःच्या सुजलेल्या पायावर ठेवून
ऐकू लागले.
चेहरा चुन्यासारखा झाला.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "घाल सळई."

रात्री खाटेशी बसून मी सांगत राहिले, त्यांनी विचारलं नव्हतं तरी:
आत्ता तिथे रक्त गोठलंय, ते वाया जात नाही.
त्यातून मऊ कुर्चा धरेल, दोन-तीन आठवड्यांत.
मग ती टणक होत जाईल.
"ठाऊक आहे," आव म्हणाले. "आधी दही.
मग उन्हात ठेवलेलं आरूल, दात लागत नाही असं."
माझ्या पुस्तकात याला चार पानं लागतात.

तपकिरीची बाटली मी काढून घेतली.
तंबाखूने हाड उशिरा जुळतं, म्हटलं.
"माझ्याकडे आलेले सगळेच ओढायचे."
आणि त्यांतले वाकडे किती जुळले?
मला असं विचारायचं नव्हतं.

त्यांनी नावं घेतली. तीन.
गोंबोसुरेनचा कोपर.
नदीपलीकडच्या शाळामास्तरणीचा घोटा.
तिसरं माझं.
मनगट. सात वर्षांची होते मी.
थंडी येण्याआधी अजून ते मला कळवतं.
मला वाटायचं, त्यांच्या लक्षातही नसेल.
त्याच मनगटाने सकाळी
त्यांच्या हाडात सळई ठोकली होती.

ऑक्टोबरात आव काठी टेकत दारापर्यंत गेले.
नडगीवर गाठ लागते हाताला.
ती आपोआप झिजेल, मी सांगितलं, वर्ष, दोन वर्षं;
हाड स्वतःच स्वतःला तासत राहतं.
पाहुणा आला की ते रिकामी बाटली पुढे करतात,
पाहुणाही रिकामीच हुंगतो, रीत म्हणून.

काल त्यांनी माझं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं.
"याला सळई लागली असती?"
नाही. लहान मुलांना प्लास्टर पुरतं. नीट घातलं तर.
"प्लास्टर," ते म्हणाले,
आणि लगाम घेऊन
घोडी शोधायला बाहेर गेले.