खळं

सकाळी आठला इन्क्युबेटरचं दार उघडलं
आणि मिरजेच्या त्या तळघरात
द्राक्षांचा वास आला.

एप्रिल संपत आलेला. बागा रिकाम्या,
तासगावकडे शेडांवर बेदाणा वाळतोय.
हा वास तिकडचा नव्हे.
हा मालन ऐवळेंच्या डाव्या डोळ्यातला,
डॉक्टर मगदुमांनी सुईच्या टोकावर आणलेला कण
मी परवा पेरला, काल पुन्हा पसरला.
रातोरात तरारलाय. हिरवट, वर धातूची झाक.
जंतूचं नाव लांबलचक आहे,
मी मनात त्याला बागायतदार म्हणते.

खरड छाटणीत काडी सपकन उलटली,
एवढंच झालं होतं.
मग स्टँडवरच्या मेडिकलमधले थेंब,
मग जावेच्या फडताळातले, फोडून महिना झालेले,
मग कुणी म्हणालं भारीतले घाल, ते दोन दिवस.
लाली उतरली की बंद, चढली की चालू,
लाइटच्या भरवशावरल्या मोटारीसारखं.
बुबुळावर फूल पडलं, तेव्हा मिरज.

थाळीवर सात चकत्या, सात औषधं.
लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल सुटतो.
वडील रात्री अंगणातून चंद्राचं खळं बघायचे,
दूर खळं, जवळ पाऊस,
आणि बेदाण्यावर ताडपत्री ओढायची का ते ठरवायचे.
माझ्याकडे पट्टी आहे. मिलिमीटरची.

पहिलीला खळं नाही.
दुसरीला नाही. तिसरी, चौथी,
हिरवं थेट काठाला येऊन टेकलेलं,
तणनाशक मारलेल्या बांधावर हरळी यावी तसं.
पाचवीला वाटलं, आहे.
उजेडाकडे धरली. नव्हतं.
सहावीचं मोजायलाही लागलं नाही.
सातवीला होतं. सोळा.
पुन्हा मोजलं. सोळाच.
तक्ता सांगतो: मधलं.
म्हणजे लागेलही. नाहीही.

रिपोर्ट घेऊन मीच वर गेले.
तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा,
सिस्टरनं मोबाइलला गजर लावलेला.
डोळ्यावरची प्लास्टिकची वाटी सावरत
मालनबाई दुसऱ्या डोळ्यानं
उशाच्या जुन्या बाटलीकडे बघत होत्या.
"ह्यात आजून निम्मं हाय, बाई.
नातवाचं डोळं आल्यात.
टाकून कशाला द्यायचं?"

काय सांगू, कुठून सुरू करू.
बाटली उचलली, कोटाच्या खिशात घातली.
जिना उतरताना
पट्टीवर आपटून ती वाजत होती.