उरलें उजाडलियां

मॅडमचं नाव मंजुळा निनावे.
तांडापेठेत भल्या पहाटे बाप गल्लीभर सूत ताणून
पाजणी करायचा,
आणि ही पोरगी त्या सुताखालून वाकून शाळेत जायची,
केसांना खळीचा वास घेऊन.
हे त्यांनीच सांगितलं, एकदा, गाडीत,
वर्धा रोडचा सिग्नल लांबला म्हणून.

त्यांचा विषय होता एक माणूस, ज्याला नाव नाही.
कोणी नकलकार, पाचेकशे वर्षांपूर्वीचा,
सकळी लिपीत पोथी उतरवत बसलेला,
जिथे एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर बसतं
आणि अर्थ फक्त ओळखीच्यालाच दार उघडतो.
अठ्ठावीस वर्षं मॅडम त्या हाताच्या मागे फिरल्या.
दमला की त्याचा ळ डावीकडे कलतो,
हे साऱ्या जगात त्यांना ठाऊक,
आणि त्यांनी दाखवलं म्हणून मला.
(माझा प्रबंध तिसऱ्या प्रकरणात मेला.
मी विद्यापीठात अधीक्षक झालो. ते असो.)

एकशे बाराव्या पानाच्या समासात
त्याने उघड्या, सरळ अक्षरांत लिहून ठेवलंय:
तेल सरलें. उरलें उजाडलियां.
पुढची पानं कोरी.
वर्गात एवढं वाचून त्या खिडकीकडे बघत राहायच्या.
आम्हाला वाटायचं, तास संपला.

मग त्या कुलगुरू झाल्या.
"काहून होऊन राहिल्या मॅडम?
पोथीचं काम कोण पुरं करन?"
म्हणाल्या, "पाच वर्षांचा तर प्रश्न आहे.
तो पाचशे वर्षं थांबला न."

आठवड्यात त्यांना कळलं,
इथेही सकळी लिपीच चालते.
'तपासून सादर करावे' म्हणजे दाबा.
'चर्चा करावी' म्हणजे फोन आलेला आहे.
'योग्य ती कार्यवाही' म्हणजे
काही नाही बाप्पा, काहीच नाही.
चार महिन्यांत त्या असं वाचू लागल्या
की शेरा मारताना जुन्या बाबूंच्या हाताला घाम सुटे.

मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
निकालासाठी पोरं गेटवर बसली.
मॅडमनी आपला कूलर काढून गेटवर लावायला लावला,
खस भिजवून,
आणि पायरीवर बसून त्यांचं निवेदन वाचलं, पेन हातात.
"'पुनर्मूल्यांकन' आधी नीट लिहा, मग भांडा."
पोरं भांडली. निकाल लागला.

आणि ती एक फाईल.
हायवेवरचं कॉलेज: कागदावर तीन मजले,
जागेवर तूर उभी.
तीनदा परत गेली. चौथ्यांदा सही झाली.
मी विचारलं नाही.
मुलींच्या वसतिगृहाचा अडकलेला पैसा
त्याच शनिवारी सुटला, इतकंच मला माहीत.
फाईल बंद करताना मात्र मी पाहिलं,
हिरव्या शाईतल्या 'मंजुळा'चा ळ
डावीकडे कलला होता.

वसतिगृहाच्या दारात काळा ग्रॅनाइट लागला,
सोनेरी अक्षरं, 'यांच्या शुभहस्ते'.
कंत्राटदाराने आडनाव चुकवलं, नी दीर्घ कोरला.
बदलू का, मी म्हटलं.
त्या बोटाने ते अक्षर चाचपत राहिल्या,
जसा बाप काठ चाचपत असेल, धागा सुटलाय का म्हणून.
"राहू दे. कोणी तरी शोधत बसेल."

शेवटच्या दिवशी हार, शाल, कोमट चहा.
ड्रायव्हर आधीच नव्या साहेबांना आणायला गेलेला.
गेटपर्यंत मी त्यांची पिशवी धरून चाललो.
ऑटोत बसता बसता म्हणाल्या,
"तुझं तिसरं प्रकरण आहे का अजून?"

आहे, मी म्हणालो. खोटंच.

त्या रात्री माळ्यावरून पेटी उतरवली.
पहिलं वाळवीने नेलं, दुसरं अर्धं.
तिसरं होतं.
बायको म्हणाली, "वाजले किती? उद्या वाच न."
उद्याच, मी म्हणालो,
आणि दिवा तसाच ठेवला.