नव्व्याण्णव

शब्बाथ शाळेच्या हजेरीपटात अकरा नावं आहेत
आणि बारावं मी अजून खोडलेलं नाही.
एलिशा सुधाकर वाघचौरे, वय तेरा.
चार रविवार त्याच्यापुढे पेन्सिलीचा नुसता टिंब,
कारण शाईनं 'गै' लिहिला
की मंडळीच्या अहवालात तो आकडा होतो.

वर्ग मंदिराच्या मागच्या पडवीत.
एप्रिलात शाबादी फरशी आठलाच तापते,
पोरं चपला काढून त्यांवरच बसतात.
ज्यांना चपला नाहीत त्यांना माझी जुनी चादर,
मोर विटलेला, पण बसायला बरा.

फ्लॅनेलचा फळा मिशनच्या काळातला.
जक्कय एका हातानं झाड धरून आहे,
दुसरा कसरीनं खाल्ला.
मेंढरं सातच उरलेली. बाकीची आम्ही केली,
टॉवेलच्या कारखान्यातल्या टाकाऊ सुताची,
म्हणून काही गुलाबी, काही पोपटी.
"शंभर झाली का रे?"
"नाही टीचर, त्रेचाळीस."
"चालतंय."

दाखला सांगून झाला, मेंढपाळ खांद्यावर घेऊन आला,
तेवढ्यात शलमोन, वय सहा, नाक वाहतं,
"पण टीचर, त्या नव्व्याण्णवांना कोण बघत होतं?
लांडगा तिकडंच आला असता तर?"

तीन दिवसांच्या शिबिरात हे शिकवलं नव्हतं.
पाळकसाहेब म्हणाले, गोष्ट त्या एकाची आहे.
शलमोनला ते पटलं नाही.
मलाही.

पुढच्या रविवारी सलोमीला म्हटलं, गाणी घे, मी आलेच.
सलोमी चौदाची. तरुण संघात घ्यायला एक वर्ष कमी,
आमच्यात बसायला गुडघे जास्त.

पूर्व भागातल्या त्या शेडमध्ये बारा माग.
मी हाक मारली,
ती खटक्-खटक्मध्ये कुठं विणली गेली कळलं नाही.
एलिशा कांड्या भरत होता.
केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरा लव,
कुणीतरी खळ लावून लोकर चिकटवावी तसा.

तो हरवला नव्हता.
तो कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं,
आईला, शाळेच्या शिपायाला,
आणि मंडळीतल्या त्या तिघांना
जे याच शेडमधून घाऊक टॉवेल उचलतात.

मालक म्याकलअण्णा बाहेर आले.
"तेरा वर्षांचा आहे," मी म्हटलं.
"मी नवव्या वर्षी बसलो, ताई," ते म्हणाले,
आणि दोघांनाही पुढचं वाक्य सुचेना.
"साडेबाराला सोडतो की."

खांद्यावर घ्यायला तो माझ्याहून उंच झालाय.
पर्समधला शेंगाचा लाडू दिला.
त्यानं दुरून ओठ हलवले,
मागच्या महिन्याचं पाठांतराचं वचन, अख्खं,
मागाच्या ठेक्यात, एकही शब्द न गाळता.
मला ऐकू एकही आला नाही.

परत आले तेव्हा पडवीचं फाटक बंद.
आतून शलमोननं दोन्ही हातांनी कडी धरलेली.
सलोमी दाखला सांगत होती, सगळा चुकीचा.
तिच्या गोष्टीत मेंढपाळ गेल्यावर
मेंढरांनीच वाडग्याचं दार लावून घेतलं होतं
आणि सगळ्यात मोठी मेंढी दर तासाला मोजत होती.
"अकरा आहेत टीचर," ती म्हणाली.
"लांडगा नाही आला," शलमोन म्हणाला, जरा खट्टू होऊन.

आता आमचा वर्ग पाऊण वाजता भरतो.
पाळकसाहेब म्हणतात, ही काय वेळ झाली?
फरशीचा तवा. आम्ही गोणपाटं भिजवून अंथरतो.
त्या तिघांशी मी अजून बोललेले नाही.
शाळा उघडायच्या आत बोलेन, असं स्वतःला सांगते.

एलिशा येतो. भिंतीला टेकतो. प्रार्थनेला डोळे मिटतो
ते पुन्हा उघडतच नाही.
मी उठवत नाही. शाईनं 'ह' लिहिते.
शलमोन हळूच त्याच्या केसांतला कापूस वेचतो
आणि फळ्याजवळ जाऊन, थुंकी लावून,
चव्वेचाळिसावं करायला घेतो.