समासातला झिरा

तलाव क्रमांक सतरा, पळसपाणी.
पाण्याचं तापमान एकोणतीस.
खोली तीन हात आणि एक वीत.
गढूळपणा पाहायला काळी-पांढरी थाळी सोडली,
दिसेनाशी झाली तिथं दोरीला गाठ मारली.

डोंग्यात पुढे मी, मांडीवर मशीन,
उपग्रह सापडायची वाट बघत.
मागे सायत्रा वलथरे, बांबू टेकवत.
तिला एकही उपग्रह लागत नाही.

"पानी थंडं लागलं ना आता?
म्हंजे खाली झिरा हाय. थो लिव."
फॉर्मात झिऱ्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिला, पेन्सिलीनं.

मग ती बोलत गेली आणि मी मागे पडत गेले.
दाडक. शिंगूर. वाघूर.
बोटरी, चार प्रकारची, त्यातली एक
पुस्तकात नाही, किंवा असेल,
पण ती पानं ओली होऊन एकमेकांना चिकटलेली.
गाद, चिला, देवधान.
"गादीच्या मुळाशी मासरी अंडे देते,
चिल्याखाली पिल्लं वाढवते.
एक बाळंतीनीची खोली, एक शाळा."
पारीवर बेशरम माजलेली.
"हे बी लिव. बिनबोलावले पाहुनेही मोजा लागते."

मी वही मिटायला गेले तर म्हणाली, थांब.
"जे नाही थे कोठी लिवतेस?
तंबू. अकरा वर्षं झाले.
चाचा, माह्या लग्नाच्या वर्षी लगित होता."
मी दोन शून्यं काढली.
ती वाकून बघत होती, नीट गोल आली का.

माझंही आडनाव वलथरेच.
बाप आयटीआय करून भंडाऱ्याला कारखान्यात लागला,
घरातलं शेवटचं जाळं
आईनं दोडक्याच्या वेलाला ताणून दिलं.
मला पोहता येत नाही.
हे मी सांगितलं नव्हतं,
पण डोंग्याची कड मी कशी धरलीय
ते तिनं सकाळीच पाहिलं असणार.

वायव्येच्या कोपऱ्यात तिनं बांबू उचलून घेतला.
डोंगा आपोआप सरकत थांबला.
गादीच्या आडोशाला तांबूस पिल्लांचा घोळका,
शंभर असतील, दोनशे असतील,
सगळे मिळून एकच अंग असल्यासारखे वळत होते,
आणि त्यांच्याखाली काळी, जाड, न हलणारी सावली.
मरळ.
दोन वर्षांत सोळा तलाव फिरले,
पिल्लं राखणारी मरळ पहिल्यांदा पाहिली.

मशीनवर नऊ उपग्रह. बाण स्थिर.
बटणावर माझं बोट,
आणि पडद्यावर तिचा ओला तळवा.

"हे नोको लिवू.
इथं ठिपका पडला का
ठेकेदाराचा पोऱ्या रातच्याला करंट घेऊन येते."

मी म्हटलं, लिहिलं नाही तर
काय वाचवायचं ते कळणार कसं?

"तुले कळलं ना."

परतताना ती बोलली नाही, मीही नाही.
बांबूवरून पाणी ओघळत माझ्या पाठीवर पडत होतं.

नागपुरात नकाशा झाला.
जिथं जास्त जाती तिथं गडद हिरवा,
कमी तिथं पिवळट.
सतरा नंबरात नखाएवढा कोपरा कोरा.
सरांनी विचारलं, इथं माहिती का नाही?
गाळ होता, म्हटलं. डोंगा शिरला नाही.
नोकरीतलं पहिलं खोटं,
त्याच्यासाठीही रकाना नव्हता.

श्रावणात सायत्राबाईचा फोन आला,
नातवाच्या मोबाईलवरून, फार मोठ्यानं,
आवाज पाण्यावरून पोचवायचा असल्यासारखा.
मरळीचं काहीच बोलली नाही.
विचारलं एवढंच,
"थो झिरा आला का नकाशात?"

छापताना समास कापले जातात, मी सांगितलं.

पलीकडं कुत्रं भुंकत होतं, कोणी बादली ओतली.
"बरं," ती म्हणाली.
"पानी इथं थंडंच हाय."