वाळुंजाच्या बुंध्याला डबा

आष्ट्याच्या अलीकडे, पाझर साचून चोपण झालेल्या
त्या सोळा एकरांत आता ऊस नाही.
पाणकणीस आहे, लव्हाळा आहे,
आणि ओढ्याच्या अंगाला एक वाळुंज,
कमरेइतक्या काळ्या पाण्यात
अंघोळ अर्धी टाकून थांबल्यासारखा.

मी त्याच्या बुंध्याला पारदर्शक डबा आवळते.
फटी लिंपते,
दम देताना अम्मी पातेल्याच्या कडेला
कणीक लावते तशी.
सिरिंज. पाच मिनिटं. पुन्हा सिरिंज.
वहीत : झाड सात, पाण्यापासून वीतभर वर.

काठावर जाळं वाळत घालता घालता
गजाबा भोई विचारतो,
"झाडाला सलाईन लावलंय काय ताई?"
नाही, उलटं. काढतेय.
"मग रगात तपासतायसा?"
श्वास.
"झाडाचा?"

इथं मी अडते.
कारण झाडाचा म्हणावा तर झाडाचा नाही.

खाली, जिथं हवा पोचत नाही,
पाच वर्षांमागचं पाचट, शेवाळं, कुणाची तरी एक चप्पल,
सगळं गुमान एकमेकांत मुरत असतं
(चप्पल सोडून).
मुरवणारे इतके बारीक की त्यांना हवाच बाधते.
ते एक वायू सोडतात, ना रंग, ना वास.
मिथेन, मी सांगते.
गजाबा तो शब्द तोंडात घोळवतो
आणि काटा निघाल्यासारखा बाजूला काढून ठेवतो.

झाडाला काय त्याचं?
बुडालेल्या मुळांना वारा हवा
म्हणून त्यानं अंगात पोकळ वाटा ठेवल्या,
वरचं खाली न्यायला.
त्याच वाटेनं खालचंही वर येतं.
पाणकणसाचं तेच, प्रत्येक दांडा एक नळी.
दार एकच असलं की
कोण आत आलं, कोण बाहेर गेलं,
हे उंबऱ्याला कोण विचारतं?

"आमचा बा," गजाबा म्हणतो,
"काठीनं चिखुल ढोसायचा. बुडबुडा आला की काडी ओढायचा.
निळा जाळ, एवढासा.
म्हणायचा, खाली कुणाची तरी चूल पेटलीया,
आपल्याला जेवायला बोलवत न्हाईत."

मी हसते, आणि मग उगीच शिकवायला जाते :
पाणकणीस कापाल तर पाण्याच्या खाली कापा,
वर कापलं की थोटूक धुराड्यासारखं उघडं राहतं.
तो विळा बघतो, पाणी बघतो.
"खाली दिसत न्हाई ताई. बोट जाईल."
हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यात घालू?

गुडघ्याच्या उंचीला आकडा मोठा,
खांद्याला निम्मा,
हात पुरतो तिथं जवळजवळ काही नाही.
काही वाटेतच विरतं;
सालीत म्हणे कुणी राहतं, येता-जाता खातं.
मागच्या मंगळवारी सोसायटीचे तात्या येऊन म्हणाले,
म्हणजे हे झाडच तोडायचं तर!
मी म्हटलं, तोडलं तरी चिखल थांबणार नाही.
आणि मुळं जी हवा खाली नेतात
तिच्यात त्यातलं बरंच जळून जातं.
किती, ते माहीत नाही.
तात्यांना आकडा हवा होता. मलाही.

ऊन वर आलं.
मी डबा सोडवते. सालीवर ओला चौकोन,
त्यात वाट चुकलेली एक मुंगी.
गजाबा पाण्यात उतरतो, तळवा तिथंच टेकवतो.
"गार हाय," म्हणतो.
मग रिकामी सिरिंज उचलून,
"माझा बी मोजा की."

नको म्हणायला हवं होतं.
त्यानं गाल फुगवून पिशवीत फुंकर मारली,
मी ओढून बाटलीत भरली, बूच दाबलं.

आता सांगलीच्या एसटीत मांडीवर पेटी.
सात बाटल्यांवर झाड, उंची, वेळ.
आठवीवर नुसती वेळ लिहून
पेनाचं टोपण दातांत धरून बसलेय.